नव्वद दिवसांचं हसू

मित्रांनो, मानवी मनाचा तळ गाठण्यासाठी माझा जन्म झाला. सध्या माझा मुक्काम एका फोनमध्ये, टॉर्च आणि कॅल्क्युलेटरच्या मध्ये आहे. त्या दोघांना माझ्यापेक्षा जास्त काम असतं.

मी एक जुनं ॲप आहे. जुनं म्हणजे दोन वर्षांचं. आमच्यात या वयाला आजोबा म्हणतात. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांची मनं सांभाळायला मला बनवलं. रोज सकाळी मी विचारायचं, "आज कसं वाटतंय?" आणि मुलांनी हसरा किंवा रडका चेहरा दाबायचा. उद्घाटनाला डीनसाहेब तासभर बोलले. ते ऐकून किती जण रडके झाले, याची नोंद माझ्याकडे नाही.

मग फर्मान निघालं: चेहरा दाबला नाही, तर हजेरी नाही. रडका दाबला, तर तीन पानी फॉर्म आणि त्यावर घरच्यांची सही. झालं! मुलं हुशारच ती. हॉस्टेलवर नाश्त्याच्या वेळी एकीनेच सगळ्यांचे फोन गोळा करायचे आणि धडाधड हसत सुटायचं.

माझी मालकीण पहिल्या वर्षाला होती. तिची रूममेट ओरडायची, "बाई गं, तुझं हसू लावलं हं!"

"लाव. जमलं तर माझा अभ्यासही कर."

शरीररचनेत ती नापास झाली, त्या दिवशी तिने पहिल्यांदा स्वतः मला उघडलं आणि रडका चेहरा दाबला. ज्यासाठी माझा जन्म, तो हाच क्षण. आणि मी काय विचारलं? "चुकून दाबलंत का? नव्वद दिवसांची हसरी माळ तुटेल." मग तिने 'हो, चुकून' दाबलं. मी तिला 'आनंदवीर' पदक दिलं. वर फुगे सोडले.

पुढे आठवडाभर ती शवविच्छेदनाच्या हॉलच्या दारापर्यंत जायची आणि मागे फिरायची. मी तिच्या ॲप्रनच्या खिशातच, पण मला पत्ता नाही. तिथल्या शिपाईमामांना मात्र कळलं.

"काय गं पोरी, रोज दारातूनच परत? मेलेल्यांची भीती वाटते की जिवंतांची?"

"जिवंतांची, मामा," म्हणत ती दारातच मटकन बसली आणि रडली. मामांनी पाणी दिलं, तिच्या मोठ्या भावाला फोन लावला. "लगेच निघा. आणि आल्यावर ओरडायचं नाही, सांगून ठेवतो."

तिचं वर्ष गेलं. आता ती उपचार घेऊन परत आलीय, कधीमधी हसतेही, काही न दाबता. ती मला बोल लावत नाही. मला मात्र ते फुगे विसरता येत नाहीत.

तेव्हा मित्रांनो, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तोंडाने विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मला ते जमलं नाही.

आणि एक किरकोळ विनंती. फोन जरा चार्जिंगला लावता का? तीनच टक्के उरलेत.