टरफलांनी धरलेला लाल

बुधवारी सकाळी आठ वाजता पिंपाच्या तोटीतून जे पाणी आलं, ते बघून मामा मटकन बाकावर बसले. लालभडक!

अकराला पाणी तपासणाऱ्या बाई येणार होत्या. रंगखान्यातून ओढ्यात जाणारं पाणी रंगीत निघालं तर त्याच दिवशी दाराला टाळं, असं नोटिशीत स्वच्छ लिहिलं होतं. चाळीस वर्षं मामा इथे लोकरीचं सूत रंगवत होते. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि शिकायची हौसही नव्हती.

पिंपांचा उद्योग भाचीचा. बहिणीची ही लेक रसायनशास्त्र शिकलेली, बोलायला फटकळ. महिन्याभरापूर्वी तिनं तेलघाण्यावरून शेंगांची टरफलं पोत्यांनी आणली, भरडली, ॲसिडात भिजवून भट्टीत भाजली, चार पाण्यांनी धुतली आणि पिंपांत भरली. वरून रंगाचं पाणी ओतायचं. टरफलं रंग धरून ठेवणार, खालून नितळ पाणी येणार.

"कचऱ्यानं कचरा धुवायचा, वा!" मामा म्हणाले होते. पण निळा खरोखरच गेला, तेव्हा पुढची बादली त्यांनी स्वतःच पिंपात ओतली. लाल मात्र त्या टरफलांना हिंग लावून विचारीना.

"मामा, माझंच चुकलं," भाची रडकुंडीला आली होती. "उगाच तुम्हाला भरीला घातलं."

काहीतरी करायचं म्हणून मामांनी पिंपातली मूठभर टरफलं काढली आणि चिमटीत चोळली.

"अगं, यांनी रंग धरलाच नाही."

"तेच तर म्हणतेय ना मी!"

"पण धरायला तू दिलंस काय त्यांना?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! पाणी आंबट केल्याशिवाय हा लाल लोकरीकडे ढुंकून तरी बघतो का? टरफल काय नि सूत काय, त्या रंगाला कुठं कळतंय!"

भाचीनं कपाळावर हात मारला. "अहो मामा! निळ्याला आंबट लागत नाही, म्हणून मी तिकडे बघितलंच नाही. एवढी शिकले आणि हे विसरले!"

मामीनं व्हिनेगरचा कॅन आणला. मामांनी ते लाल पाण्यात अंदाजानं ओतलं, भाचीनं कागदाची पट्टी बुडवून आंबटपणा मोजला, आणि मामांचा अंदाज पट्टीशी जुळला तेव्हा मामा उगाच खाकरले. ते पाणी पुन्हा पिंपात ओतलं. साडेदहाला तोटीतून पाणी आलं. भाचीनं चुन्याच्या निवळीनं त्याचा आंबटपणा मोडला आणि बादली खिडकीशी ठेवली. बादलीचा तळ लख्ख दिसत होता.

बाई अकराच्या ठोक्याला आल्या. हसू घरी ठेवून आलेल्या. त्यांनी पिशवीतून काचेची बाटली काढली, झाकण उघडलं.

तेवढ्यात मामांचं लक्ष पिंपातल्या टरफलांकडे गेलं. काय लाल चढला होता! रंगवलेल्या सुताची लडी पाण्यात पिळून बघितल्याशिवाय त्यांनी आजवर दाराबाहेर सोडली नव्हती. हातानं आपलं काम केलं. मामांनी ओंजळभर टरफलं उचलली, त्याच बादलीत बुचकळली आणि घट्ट पिळली.

"अहो, काय करताय हे!" मामी किंचाळली.

तेव्हा कुठे मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. हात कोपरापर्यंत बादलीत, तोंडाचा आ तसाच. संपलं, त्यांना वाटलं. आपल्याच हातानं आपण टाळं लावलं.

बाई बादलीवर वाकल्या. टरफलाचे दोन तुकडे तरंगत होते. पाणी मात्र होतं तसंच होतं. त्यांनी मामांना हात बाहेर काढायला लावला, त्याच बादलीतून बाटली भरली, खिडकीपाशी धरली आणि बराच वेळ फिरवून बघितली.

"हे मुद्दाम केलंत?"

"नाही हो बाई," मामा खरं ते बोलले. "रंग सुटतो का, ते बघत होतो."

"मग? सुटला?"

"नाही," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम चिरकला. "अजिबात नाही सुटला!"

बाईंनी कागदावर सही केली. भाचीनं मामांना ओल्या हातासकट मिठी मारली, मामी रडता रडता हसायला लागली. मामांनी डोळे पुसले आणि सगळ्यांवर एकदम खेकसले, "बघताय काय? चूल पेटवा! दुपारची लडी राहिलीय अजून!"