टोरीच्या तेलाची पंगत

सुखरामनं स्वतःच्या पोरीला तिच्याच लग्नाच्या पंगतीत, चारशे माणसांदेखत, भरल्या ताटावरून उठवलं.

हे एकदाचं सांगून झालं. आता ते झालंच नाही असं धरून चालू. मांडवाचे बांबू अजून पडवीत आडवे आहेत, लवक्या, म्हणजे दुधी भोपळे, अजून वेलाला लोंबकळताहेत, आणि सुखराम अंगणात उकिडवा बसून आपला सगळ्यात मोठा गंज, म्हणजे रांधायचं पातेलं, राखेनं घासतो आहे. मजेत आहे. मध्येच शीळ घालतो.

सुखराम हा सौंदडच्या आजूबाजूच्या दहा-बारा गावांतला लग्नाचा रांधणारा. हजार माणसांचं वरण तो नुसत्या वासावर उतरवायचा, चाखायचा नाही. चाखून रांधणं म्हणजे पुस्तक उघडं ठेवून परीक्षा देणं, असं त्याचं मत. त्याच्या हातचं खाऊन लोकांनी जुनी भांडणं मिटवली होती, आणि काहींनी वांग्याच्या फोडीवरून नवी काढली होती. त्याची लग्नातली भाजी कधीच न मिळालेलं माणूस पंचक्रोशीत एकच होतं, आणि ते त्याच्याच घरात राहत होतं.

रुचिका चार वर्षांची असताना तिनं शेजारच्या बारशात शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. दहा मिनिटांत तोंड एवढं सुजलं की डोळे कुठं गेले ते कळेना, आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तिची आई वर्षभरापूर्वीच वारली होती. त्यामुळे गोंदियाच्या जीपमध्ये पोरीला धरणं आणि रडणं, ही दोन्ही कामं सुखरामकडेच होती. पोरगी वाचली. गोंदियाच्या डॉक्टरनं तपासण्या केल्या आणि कागद लिहून दिला. पुढच्या बाजूला काय बंद ते : शेंगदाणा, तीळ, जवस, सोयाबीन, मोहरी, दूध, अंडी, मासे, झिंगे, गहू, वांगं, सगळ्या डाळी. मागच्या बाजूला काय चालेल ते : तांदूळ, लवकी, कोचई (म्हणजे अळूचे कंद), गूळ, मीठ. त्याखाली डॉक्टरची सही. सहीनं पाची नावांपेक्षा जास्त जागा घेतली होती.

"और?" सुखरामनं विचारलं.

"और पानी," डॉक्टर म्हणाले.

दोन वर्षांनी हळद आणि हिरवी मिरची चालते असं निघालं, तेव्हा घरात सण झाला. राहिलं तेल. चिचगडच्या बाजारात एका म्हातारीकडे टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल मिळालं. दवाखान्यात बसूनच थेंब थेंब देऊन पाहिलं. पोरीला काही झालं नाही. बाकी सगळ्यांना झालं. ते तेल कढईत तापलं की असा उग्र वास सुटायचा की गल्लीतली कुत्री वारा बघून बसायची जागा बदलायची.

तर एवढ्या आठ वस्तूंत सगळं आयुष्य बसवायचं होतं. रोज तेच आलं की रुचिका ताट सरकवायची. लहानपणी रडून, मोठी झाल्यावर हसून. हसून सरकवलेलं ताट सुखरामला जास्त लागायचं. मग त्यानं तांदळाला कामाला लावलं. भात, पेज, आयते म्हणजे पातळ घावन, पुऱ्या, पापड, लाह्या, अनारसे. कोचई उकडली, तळली, ठेचली, किसली. एकदा तर लवकीचा अख्खा मासा केला, मिरचीच्या बियांचे डोळे लावून. रुचिकानं जन्मात मासा खाल्ला नव्हता, पण लोकांना खाताना पाहिलं होतं. तिनं नसलेले काटे नीट निवडून ताटाच्या कडेला ठेवले.

रविवारी हॉटेल असायचं. अंगणात खाट, खाटेवर रुचिका, आणि खांद्यावर दुपट्टा टाकलेला सुखराम. हॉटेल म्हणजे गोंदियाचं, त्यामुळे हिंदी.

"क्या लेंगे मॅडम?"

"काय आहे?"

"भात है. चपटा भात है. फुगेला भात है."

"काल गोल होता ना?"

"वो खतम हो गया."

"मग चपटा आणा. अन् लवकर जी, मले गाडी पकडाची आहे."

गाडी कुठलीच नसायची. लग्नकार्याला गेली की रुचिका डबा घेऊन जायची आणि पंगत बसली की मांडवाच्या मागं भिंतीकडे तोंड करून तो खायची. बायका येता-जाता म्हणायच्या, "हे नको खाऊ हो पोरी, ते नको खाऊ." माया होती सगळी. एकदा घरी येता येता तिनं विचारलं, "बाबा, पंगतीत ते 'आणखी घे, आणखी घे' करतात, तेव्हा माणसाले कसं वाटते?"

सुखराम कितीतरी वर्षं पंगती वाढत होता, पण हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. "तरास होते," तो म्हणाला.

"मले होऊन पाहाचा आहे तो तरास," रुचिका म्हणाली.

पुढं लीलाधर तिला बघायला आला. नागझिऱ्यात पर्यटकांना जंगल दाखवणारा पोरगा. त्याच्यापुढं टोरीच्या तेलातले पोहे आले. त्यानं अख्खी ताटली संपवली. डोळ्यांतून पाणी आलं, पण प्यायला मागितलं नाही. "चांगले आहेत," म्हणाला. रुचिकानं तिथंच ठरवलं.

आणि सुखरामनंही ठरवलं. लग्नाची सगळी पंगत त्या आठ वस्तूंची. आजकाल गावोगावी उभ्यानं जेवायचं आलं आहे, पण इथं बसूनच पंगत, पहिल्या ओळीत नवरी, आणि तिला वाढणारा तिला आग्रह करणार. पोरगी दुसऱ्या दिवसापासून परक्या चुलीवर जाणार होती. त्याआधी एकदा, एकदाच, तिनं सगळ्यांच्या ताटातलं खावं. डबा नाही म्हणजे नाही.

हे ऐकून सौंदडहून आलेली त्याची मोठी बहीण शामकला पाट सोडून उठलीच.

"टोरीचं तेल? लग्नात? अरे तू रांधणारा ना रे? वरातीतले थुकतील तोंडावर!"

"थुकू दे. आधी खातील तर खरं."

"सुखराम, लोकं म्हणतील, हजार घरच्या पोरींचं गोड केलं अन् आपल्या पोरीच्या टायमाले हात आखडला."

"म्हणू दे ना बाई. तिच्यासाठी आहे ते."

"हाव, समजलं मले," शामकला म्हणाली. सुखरामला वाटलं समजलं.

आठ दिवस बाप-लेकीनं सराव केला. खाणं तिला यायचंच. नको म्हणणं येत नव्हतं. ते शिकायला लागतं. सुखराम भाताचा झारा घेऊन वाकायचा, "घ्या ना, लाजता कायले?" आणि रुचिकानं ताटावर दोन्ही हात आडवे धरून म्हणायचं, "पुरे, पुरे, पुरे." ती पहिल्याच 'घ्या'ला ताट पुढं करायची.

"असं नाही व. आधी नाही म्हणाचं."

"पण मले पाहिजे आहे ना."

"सगळ्यांलेच पाहिजे असते. तरी नाही म्हणाचं."

"कायले?"

सुखरामनं नुसता झारा पुन्हा पुढं केला. पण तिसऱ्या दिवसापर्यंत तिला नको म्हणणं इतकं छान जमलं की बघणाऱ्याला वाटावं, पोरगी जन्मभर पंगतीतच जेवत आली आहे.

लग्नाच्या सकाळी सुखरामनं तांदळाच्या पुऱ्या, कोचईचे वडे, अनारसे आणि गूळ घातलेली लवकीची खीर मांडून ठेवली. तळण टोरीच्या तेलातलं. मांडवभर तो वास. राहिली फक्त लवकीची भाजी. ती शिजली होती, वरून फोडणी ओतायची बाकी होती. तेवढ्यात बाजा वाजला. वरात गावाच्या शिवेवर आली. नवरीचा बाप सामोरा गेला नाही तर वरात पुढं सरकत नाही. चार दिवस तिथंच उभी राहील, पण सरकणार नाही. सुखरामनं झारा शामकलाच्या हातात दिला, टोरीच्या तेलाचा डबा दाखवला, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा फोडणी दुसऱ्यावर सोडून तो चुलीवरून उठला.

मुहूर्त साधला. अक्षता पडल्या. पंगत बसली. पहिल्या ओळीत मधोमध लीलाधर, शेजारी रुचिका, नाकात धुपाचा धूर आणि गळ्यात एवढे हार की ताट दिसेना. गावातला जागेश्वर भाजी वाढत होता. सुखराम मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. आता वरातीतले तोंडं वाकडी करतील, एखादा म्हातारा 'हे काय होय जी?' विचारेल, याची तो वाट पाहत होता. त्यानं उत्तरही पाठ केलं होतं.

कोणी विचारलं नाही. वरातीतल्या एका जाड गृहस्थानं बोटं चाटली. त्याच्या शेजारच्यानं आवाज दिला, "अरे लवकी आणा इकडं!" मग दोघंतिघं एकदम, "इकडंही!"

टोरीच्या तेलातली भाजी कोणी दुसऱ्यांदा मागत नाही. जन्मात नाही. लीलाधरसुद्धा मागत नाही, आणि त्याचं तर प्रेम होतं.

सुखरामनं नाक वर केलं. पुऱ्यांचा वास होता, वड्यांचा होता. जागेश्वरच्या बादलीतून दुसराच, गोड, भाजक्या शेंगांचा वास येत होता. घाण्यावरचं शेंगदाण्याचं तेल. चांगलं तेल. महागाचं.

तिकडं जागेश्वर रुचिकाच्या ताटाशी वाकला होता. "घे ना पोरी, लाजतेस कायले? आणखी घे!"

रुचिकानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "पुरे, पुरे, पुरे," ती म्हणाली, आणि असं हसली की जागेश्वरनं हातांच्या फटीतून अजून एक पळी सोडलीच. मग तिनं घास उचलला.

"खाऊ नको!"

बाजा थांबला. चारशे हात तोंडाजवळ थांबले. सुखराम दोन ओळींतून ताटं तुडवत आला आणि त्यानं पोरीचं मनगट धरलं. घास पडला. आयुष्यभर जे तिला सगळ्या गावानं ऐकवलं होतं, तेच आज त्यानं सगळ्यात मोठ्यानं ऐकवलं. रुचिकानं त्याच्याकडे पाहिलं. मग ती उठली, लग्नाच्या शालूला तेलाचं बोट लागू न देता, आणि मांडवाच्या मागं गेली. रस्ता पाठ होता.

लीलाधर अर्धा उठला. त्याच्या काकानं खांदा दाबला. नवरदेव उठला तर वरात उठते, आणि उठलेली वरात नवरीला घेऊन जात नाही. तो खाली बसला. मान खाली घालून भात तेवढा चिवडत राहिला.

शामकला चुलीपाशी रडत होती. "मले वाटलं, पोरगी आपला डबा खाईल. दरवेळी खाते ना रे! म्हणून म्हटलं, लोकांपुरतं तरी चांगलं तेल टाकू. तुझी इज्जत..."

डबा त्या दिवशी केलाच नव्हता.

मांडवात आता काहीच भरवशाचं राहिलं नव्हतं. तीच पळी भातात गेली होती, तेच हात पुऱ्यांना लागले होते. सुखराम घरात गेला, नवं गाडगं काढलं, मूठभर तांदळाची पेज चढवली. बाहेर दुसरी पंगत बसली. लवकीची तारीफ भिंतीतून आत येत होती.

तो पेजेचं गाडगं आणि वाडगा घेऊन मागं आला तेव्हा रुचिका भिंतीकडे तोंड करून बसली होती. हात स्वच्छ धुतलेला, बोटं सालटं निघेपर्यंत चोळलेली. सुखरामनं खांद्यावर दुपट्टा टाकला.

"क्या लेंगे मॅडम?"

भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "काय आहे?"

"पेज है."

"आणखी?"

"वोच है."

तिनं पेज प्यायली. अर्धी झाल्यावर म्हणाली, "बाबा, तेलाचा वास येऊन नव्हता राहिला. मले वाटलं, पंगतीतलं जेवण असंच चांगलं असन."

सुखराम गाडगं घेऊन वाकला. "आणखी घे."

तिनं वाडग्यावर दोन्ही हात आडवे धरले. "पुरे, पुरे, पुरे." मग बाजा वाजला आणि वरात तिला घेऊन गेली.

पुढच्या सोमवारी सुखराम धुतलेला सदरा घालून तहसील कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्यापाशी गेला. अर्ज लिहिणारा म्हणाला, काका, असा नमुना नसते. सुखराम म्हणाला, मी सांगतो तसा लिहा. त्यानं लिहिलं, ते असं :

मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. विषय : लग्नाची पंगत झालीच नाही असे धरून तीच पंगत पुन्हा बसवून मिळणेबाबत. महोदय, अर्जदार व्यवसायाने रांधणारा असून वरील पंगतीत भाजीचे तेल बदलले गेले. अर्जदार त्या वेळी शिवेवर होता, ही चूक अर्जदारास मान्य आहे. तरी सदर पंगत रद्द समजण्यात यावी, जेवलेल्या चारशे इसमांनी ते जेवले नाहीत असा जबाब द्यावा, व त्याच दिवशी, त्याच मुहूर्तावर, टोरीच्या तेलात सदर पंगत पुन्हा घेण्यात यावी. अर्जदाराच्या मुलीस पहिल्या ओळीत बसवावे. वाढणाऱ्याने तिला किमान तीन वेळा 'आणखी घे' म्हणावे व तिने नको म्हटल्यास ते खरे धरू नये, असे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.