बाबांच्या शेजारची सीट

“नाकाने श्वास आत घेतला की टिक वाजतं आणि तेवढाच ऑक्सिजन सुटतो,” कमलेश बाबांच्या कानांमागे नळी अडकवत म्हणाला. “वाया काही जात नाही. म्हणून टाकी बघ, पाण्याच्या बाटलीएवढी. दादा, विमानात तू मागे बाबांच्या बाजूला आरामात बसशील.”

“आणि ती दुसरी?” गोविंदाने विचारलं.

“ती मास्कवाली. तिच्यातून सतत येत राहतो, म्हणून टाकी मोठी. नॉब बाबांच्या हाताशी पाहिजे, त्यामुळे बाजूच्या सीटवर पट्ट्याने बांधायला लागेल. मग तुझं कठीण. पुढे मी आणि आमचे कॅप्टन. चारच सीट आहेत रे.”

गोविंदाने मान डोलावली. धाकट्या भावाने दोन मित्रांबरोबर जुनं विमान घेतलं होतं. त्याच्या वाट्याला आलेला तिसरा हिस्सा कोणता, शेपूट की पंखा, हे विचारायचं गोविंदाच्या अनेकदा ओठांवर आलं होतं. जमीन दोघांना सारखीच मिळाली होती. कमलेशने आपल्या वाटणीवर टॉवर उभे केले, गोविंदाने डोंबिवलीत हा फ्लॅट घेतला आणि कारखान्यातली फिटरची नोकरी धरून ठेवली. त्याचंही त्याला इतकं काही नव्हतं. पण कमलेश येणार म्हटलं की बाबा दाढी करून घेत, धुतलेला सदरा मागत, आणि त्याने मात्र गोविंदाच्या पोटात दुखे. रोज अंघोळ कोण घालतं, औषधं कोण देतं, हे बाबांना ठाऊक नव्हतं असं नाही. ते ठाऊक असूनही दाढी कमलेशसाठीच होती.

गुणाजीबाबांचं सगळं आयुष्य मिठागरात वाकून गेलं. आता फुप्फुसं थकली होती आणि घरात दिवसभर ऑक्सिजनचं मशीन घरघरत असे. “मना मिठागर एकदा वरशी बघाचा हाय,” असं ते कधीतरी कमलेशला म्हणाले. गोविंदाला म्हणाले नव्हते. कमलेशने लगेच बेत ठरवला. घाटावरच्या धावपट्टीवरून उडायचं, डोंगर ओलांडून पेणकडची मिठागरं दाखवायची आणि परत यायचं. डॉक्टरांनी एकाच अटीवर होकार दिला होता. ऑक्सिजनमध्ये जराही खंड पडता कामा नये. म्हणून दोन्ही टाक्या घरी आणल्या होत्या. बाबांना कुठली सोसते ते बघून गोविंदानेच सांगायचं, असं ठरलं.

गोविंदाने दोन दिवस रजा टाकली आणि छोटी टाकी लावून बघितली. टिक, टिक, टिक. बाबा खिडकीशी बसून होते. मध्येच गोविंदाने विचारलं, “बरं वाटतं का?” बाबांनी हात हलवला. जेवताना दोघांत काही बोलणं झालं नाही, आणि ते नेहमीचंच होतं. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडाही हलला नाही. गोविंदा मनातून खूश झाला. मागच्या आठवड्यात तो विमानात बसूनही आला होता. त्याच्या पोटाला पट्टा पुरेना, तेव्हा कमलेशने हसत हसत तो शेवटपर्यंत सैल करून दिला होता. त्या हसण्याचा राग गोविंदाने गिळला, कारण सीट बाबांच्या शेजारची होती. एकदा तरी बाबा काहीतरी बघून चकित होतील आणि त्या वेळी शेजारी तो असेल.

रविवारी कमलेश आला.

“आलास रं पोरा,” बाबा म्हणाले, आणि जी गाडी सुटली ती सुटलीच. मीठ कसं ओढत, उन्हात डोळे कसे दिपत, भरतीचं पाणी कोणी कसं अडवलं. कमलेश मोठमोठ्याने हसत होता. गोविंदा आत चहा टाकत होता. साखर घालताना त्याचा हात थांबला. बाहेरून टिक ऐकू येत नव्हतं.

तो धावत बाहेर आला. बाबा तोंड उघडं टाकून धापा टाकत बोलत होते, नाकाने श्वास घेतच नव्हते. चिमट्यावरचा आकडा घसरला होता.

“बाबा, जरा गप बसा. नाकाने घ्या.”

“ह्यो दोन सबद बोलू देत नय,” बाबा कमलेशकडे बघत म्हणाले.

कमलेश फोन घ्यायला गॅलरीत गेला. बाबा गप्प झाले आणि थोड्या वेळाने टिक पुन्हा सुरू झालं. गोविंदाला सगळं कळून चुकलं. त्याच्यासोबत हे यंत्र कधीच बंद पडणार नव्हतं. त्याच्याशी बाबा बोलतच नव्हते.

तो स्वयंपाकघरात परत गेला. चहा उतू चालला होता. क्षणभर त्याला वाटलं, सांगून टाकावं की बाबांना काहीच सोसत नाही. कोणीच उडायला नको. कमलेशचं तोंड कसं होईल ते डोळ्यांसमोर आलं आणि फार बरं वाटलं. किंवा काहीच सांगू नये आणि आपल्या सीटवर जाऊन बसावं, बाबांना दर मिनिटाला गप करत. मग बाबांचा तो धुतलेला सदरा आठवला.

चहाचे कप ठेवत तो म्हणाला, “मास्कवाली घे.”

“अरे, मग तुझी सीट?”

“बोलताना ते तोंडाने श्वास घेतात. छोटी बंद पडते. मास्कमध्ये तोंडाने घेतला तरी चालतं.”

“दोन दिवस नीट चालली म्हणालास ना फोनवर?”

“माझ्यासोबत चालली,” गोविंदा म्हणाला. “तुझ्याशी ते बोलतात.”

कमलेशने चहा तसाच हातात धरून ठेवला.

धावपट्टीवर भरपूर वारा होता. गोविंदाने बाबांना उचलून विमानात बसवलं, मास्क लावला, नॉब कुठे आणि किती फिरवायचा ते दोनदा दाखवलं. मग टाकी आणून शेजारच्या सीटवर उभी केली. बाबांनी टाकीकडे बघितलं, मास्क थोडा बाजूला केला.

“आनि तू?”

“मी हितंच हाय, बाबा. मास्क लावा.”

सीटचा पट्टा अजून त्याच्याच पोटाच्या मापाचा होता. गोविंदाने तो टाकीभोवती घेतला आणि ओढून ओढून आवळत नेला. मग टाकी दोन्ही हातांनी हलवून बघितली. हलत नव्हती.