आई अंघोळ करतेय

“तुझं पोर माझ्या मांडीवर आहे गं, ये सावकाश.”

तिच्या लहानपणी भिंतीपलीकडून आत्या अशी हाक द्यायची. ते पोर म्हणजे ती स्वतःच, आणि हाक तिच्या आईला. आता तीस वर्षांनी, रोज दुपारी स्वतःच्या घराचं दार ओढून घेताना तिला ती हाक आठवायची, आणि पाय जड व्हायचे. या घराच्या भिंतीपलीकडे हाक देणारं कोणी नव्हतं. आत्या, आई, सासूबाई सगळ्या एका दिवसाच्या प्रवासावर.

ती दवाखान्यात डायलिसिसचं मशीन सांभाळायची. पावणेदोनला घर सोडायची, नवरा दोन वाजून पाच मिनिटांनी पोचायचा. मधली वीस मिनिटं सात वर्षांची थोरली आणि दीड वर्षाचा धाकटा, दोघंच. या भागातल्या पाळणाघराची फी ऐकून नवरा म्हणाला होता, “एवढ्यात तर आपण सगळेच तिथे राहू.” स्वस्त वस्तीत राहायला गेलं, तर येण्याजाण्यापायी वीस मिनिटांचे दोन तास होणार होते.

म्हणून थोरलीला तिने पढवलं होतं. दार उघडायचं नाही. कोणी विचारलंच, तर आतूनच सांगायचं, आई अंघोळ करतेय. पोरांना एकटं टाकतात असं कोणाच्या कानावर गेलं, तर सरकारी माणसं पोरंच घेऊन जातील, अशी तिला धास्ती होती.

आज नवऱ्याची बस रखडली होती. अडीच तरी होतील, असा त्याचा निरोप आला, तेव्हा ती एका आजींच्या दंडातली सुई काढून तिथे बोटांनी दाबून उभी होती. दहा मिनिटं तरी हात हलवायची सोय नव्हती. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला, तिने मोकळ्या हाताने तो कानाला लावला. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ. जिन्यात भेटले की मुलांना कोण बघतं असं विचारायचे, आणि ती म्हणायची, मीच की.

छतातून पाणी गळतंय म्हणून ते वर आले होते. आतून नळाचा धो-धो आवाज, आणि मुलगी सांगतेय, आई अंघोळ करतेय.

“मग मी आत्ता कोणाशी बोलतोय?” त्यांनी विचारलं.

तिच्या लगेच लक्षात आलं. आईचं खोटं खरं वाटावं म्हणून पोरीने आधीच नळ सोडून ठेवला होता. आणि न्हाणीघरात टब होता. आणि धाकट्याला पाण्याचं वेड होतं.

“बाळ रडतंय का? ऐकू येतंय?”

“नाही. कोणाचाच आवाज नाही.”

आजींनी दुसऱ्या हाताने तिचा हात बाजूला केला आणि स्वतःच दंड दाबून धरला. “मी धरते, बाई. तू बोल.”

फोन स्पीकरवर टाकून दाराला लावा, असं तिने त्यांना सांगितलं. मग ज्या आवाजात ती अंगाई म्हणायची, त्याच आवाजात, ओरडायचं नाही असं स्वतःला बजावत, म्हणाली, “बाळे, आई बोलतेय. नळ बंद कर. दार उघड.”

कडी सरकली. गृहस्थांची पावलं आत गेली. पाण्याचा आवाज थांबला. तिने मशीनची कड धरली होती, ती बोटांना रुतत होती.

मग एक शिंक ऐकू आली. बारीकशी, दीड वर्षाची.

“चिंब भिजलाय,” गृहस्थ म्हणाले. त्यांनाही धाप लागली होती. “टबापाशीच उभा होता, डबक्यात. काठावर चढायच्या बेतात. उचललाय मी.”

तिने मशीनची कड सोडली.

मग त्यांचा आवाज मऊ झाला. “कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या असाल ना पाच मिनिटं? होतं असं कधीकधी.”

हो म्हणणं सोपं होतं. शब्द जिभेवर आलाही होता.

“नाही, काका,” ती म्हणाली. “रोज जाते. रोज वीस मिनिटं ती दोघंच असतात. आम्हाला इथे कोणी नाही.”