हॉबर्टची भरलेली जागा

"अहो, हॉबर्ट एकर्स वारले!" समुपदेशक व्हर्लीन फोनवर ओरडलीच. "त्यांच्या मयताला बटाट्याचं सॅलड मीच करून नेलं होतं!"

विमा कंपनीतली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्या यादीत तुमच्या काउंटीसाठी एकच समुपदेशक असतो, आणि तिथे एकर्स यांचं नाव आहे. जागा भरलेली आहे. त्यांनी स्वतः लिहून नाव काढून घेतलं, की तुमचा अर्ज बघू."

"स्वतः?"

"नियमच आहे तसा."

व्हर्लीनने फोन आपटला. "मेलेल्या माणसाची सही मागतात! जळलं मेलं यांचं डोकं!"

समोर तिच्याकडे मन मोकळं करायला आलेला डेल्मर टोपी हातात धरून बसला होता. खाणीचं छत कोसळून त्याचा धाकटा भाऊ गेला, तोही याच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून झोप नाही, आणि घरात भरलेली बंदूक. तो उठला.

"म्हणजे विमा तुमचे पैसे देणार नाही. मग मी येत नाही, बाई."

"अरे, मी मागितले का पैसे?"

"फुकटचं कधी घेतलं नाही. आता घेणार नाही."

व्हर्जिनियाच्या त्या डोंगरातली माणसं अशीच, शेजारणीचं भांडंसुद्धा रिकामं परत करायची नाहीत. पण आज हा दाराबाहेर गेला तर कायमचा जाईल, हे व्हर्लीनला पक्कं ठाऊक होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"थांब! रविवारी कबरींवर फुलं वाहायचा दिवस. हॉबर्टच्या मागे कुणी नाही, गुडघाभर गवत माजलंय. तू काप. मजुरी म्हणून मी तुझं ऐकते."

डेल्मरने टोपी घातली, पुन्हा काढली. "विळा आहे माझ्याकडे," तो म्हणाला.

रविवारी कबरस्तानाच्या टेकडीवर पोचताच व्हर्लीनने घडीची खुर्ची उघडली आणि कबरीच्या दगडाला मोठ्यांदा सांगितलं, "अहो हॉबर्ट, पेशंट आणलाय तुमचा! यादीत तुम्हीच ना अजून?"

डेल्मरला खुदकन हसू आलं. मग तो वाकला आणि कापता कापता, तिच्याकडे न बघता, भावाबद्दल बोलू लागला. मध्येच, रविवार असूनही, विमा कंपनीचा फोन आला. व्हर्लीनने तो बंदच करून टाकला. तासाभराने गवत संपलं, बोलणं संपलं नव्हतं.

"पुढच्या रविवारी?" त्याने विचारलं.

"शेजारची कबर बघ की, केवढं माजलंय!"

डेल्मरने सगळ्या टेकडीवर नजर फिरवली. विळा पँटला पुसला आणि हॉबर्टच्या दगडाला टेकवून तिथेच ठेवला.