दुकानाचं पहिलं पान

ऑनलाइन गेमच्या त्या बड्या दुकानाच्या पहिल्या पानावर इंद्रजितचा गेम झळकला आणि उत्रोलीच्या स्वरूपचा नुसता जळफळाट झाला. भातलावणीला घरं जशी सावड करतात, आज तुझ्या खाचरात तर उद्या माझ्या, तसे हे दोघे मित्र एकमेकांचे गेम बनवत. इंद्रजितच्या गेममधली रानडुकरं स्वरूपनंच काढलेली. स्वरूपचा गेम मात्र त्याच दुकानात इतका तळाला गेला होता, की नाव घालून शोधला तरी सापडेना.

तेव्हापासून स्वरूपला दुकानाची मक्तेदारी दिसू लागली. जवळजवळ तिसरा हिस्सा कापून घेतात, दुसरीकडे स्वस्त विकू देत नाहीत आणि गिऱ्हाईक तर सगळं तिथंच! बोलणं खोटं नव्हतं. स्पर्धा आयोगाकडे तक्रार करायचं ठरवून त्यानं पुण्यातला एक वकीलही गाठला.

"तुमचा गेम वर आला आस्ता, तर केली आस्ती का तक्रार?" त्याच्या बायकोनं, गायत्रीनं, चहा गाळता गाळता विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं!" स्वरूप खेकसला. प्रश्न वर्मी लागला होता.

पुढच्याच आठवड्यात इंद्रजित आंबवड्याहून मोटरसायकलवर आला. तोंड पार उतरलेलं. गावातल्या पोरांना परवडावा म्हणून त्यानं स्वतःच्या वेबसाईटवर गेम निम्म्या किमतीत ठेवला होता. ते कळताच दुकानानं आपल्याकडचा त्याचा गेमच काढून टाकला.

"आरारा!" स्वरूप म्हणाला, आणि मनातून असा खूश झाला की त्याची त्यालाच लाज वाटली.

वकिलाला फोन केला तर तो आनंदानं उडालाच. असा पुरावा शोधून मिळायचा नाही, म्हणाला. गेम त्याचा काढलाय, तेव्हा इंद्रजितचं नाव पहिलं घाला, तुमचं खाली. स्वरूपच्या अंगाचा तिळपापड झाला. इथंही हाच वर! पण आपलं नाव वर ठेवावं, तर तक्रार लुळी पडणार आणि दुकान असंच एकेकाला चेपत राहणार.

"तुजंच ऱ्हाऊ दे वर," इंद्रजित म्हणाला. "तू सुरू केलंस. मी साक्षीला येतो, सावड समज."

स्वरूपनं दातओठ खात इंद्रजितचं नाव वर टाईप केलं आणि तक्रार पाठवून दिली. इंद्रजितनं त्याला मिठीच मारली.

"तुज्याएवढं मोठं मन न्हाई बग माज्याकडं," तो म्हणाला.

स्वरूप ताठ उभा राहिला. इतक्या वर्षांत या माणसाला आपला एकदाही हेवा वाटला नाही, हेच त्याला सगळ्यात जास्त झोंबलं.