आठवी खाट

सिस्टर गेली त्याला सतरा दिवस झाले होते. अठराव्या दिवशी सकाळी कळलं की नव्या खाटाही गेल्या.

पत्र मेहुणीनं आणलं. फाउंडेशनचं होतं आणि वर सिस्टरचंच नाव होतं. "आदरणीय महोदया, आपल्या कार्याबद्दल आम्हाला अतिशय आदर आहे. तथापि..."

सिस्टरचा नवरा, फिटर, वाचता वाचता तिथंच थांबला. "हे तथापि कशाला मध्ये आलं?"

"वाचा पुढं, भावोजी."

"तूच वाच. माझा चष्मा नाही." चष्मा त्याच्या नाकावर होता.

मेहुणीनं वाचलं. सहा खाटांसाठीचा अर्ज नामंजूर. कारण, प्रश्न क्रमांक चौदाच्या उत्तरातून लाभार्थ्यांच्या स्थितीत झालेली सुधारणा दिसून येत नाही.

सिस्टर एकतीस वर्षं नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणायचे आणि फिटरही सिस्टरच म्हणायचा. नोकरी संपल्यावर तिनं घराच्या पुढच्या खोलीत केंद्र काढलं. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, आणि दवाखान्यात असतात तशा, हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू उचलणाऱ्या आठ खाटा. ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलंय त्यांनी न्यायच्या, काम झालं की परत आणायच्या. भाडं नाही. नवरा कारखान्यातला फिटर, निवृत्त झालेला, त्यामुळे गंजलेलं हँडल आणि मोडलेलं चाक ही त्याची कामं. प्रत्येक खाटेच्या पायाला तिनं सुती दोरी बांधली होती. खाट एका घरून परत आली की पुसायची, तेल द्यायचं आणि दोरीला एक गाठ मारायची. नाव कुठंही लिहायचं नाही. "आपण ज्यावर झोपतोय त्यावर आधी कोण गेलं, हे कशाला कुणाला वाचायला लावायचं?" ती म्हणायची. गाठ मारली की खाट पुढच्या घराला मोकळी.

आठ खाटा पुरत नव्हत्या. अकरा घरं यादीवर होती. शहरातल्या पैसेवाल्यांनी मिळून एक फाउंडेशन काढलं होतं, ते छोट्या संस्थांना वस्तू घ्यायला मदत करायचं. सिस्टरनं त्यांचा अर्ज भरला तेव्हा ती स्वतःच आठव्या खाटेवर होती. छातीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर अर्ज. प्रश्न चौदा: लाभार्थ्यांच्या स्थितीत झालेली सुधारणा, पुराव्यासह. तिनं लिहिलं, "बहुतेक वारले. पाठीला जखम न होता वारले."

"ताई, असं लिहितात का?" मेहुणी म्हणाली होती.

"मग काय लिहू? नाचत नाचत कामावर गेले?"

तिघंही हसले होते. आता ते हसणं आठवून फिटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं पत्राची घडी शर्टाच्या खिशात कोंबली आणि चहा तसाच ठेवून निघाला.

फाउंडेशनचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. काचेचं दार, कुंडीतली झाडं, आणि भिंतीभर फोटो. फोटोतले सगळे हसत होते. अर्ज बघणाऱ्या मॅडम त्याच्या लेकीच्या वयाच्या असतील.

"काका, बसा ना. पाणी देऊ?"

"बसायला आलो नाही. चौदावा प्रश्न कुणी काढलाय?"

"तो सगळ्यांनाच असतो, काका. शाळा, वाचनालय..."

"शाळेतली पोरं शिकून बाहेर पडतात. आमच्याकडची माणसं कशी बाहेर पडतात माहीत आहे ना? पडून राहिलेल्या माणसाची पाठ बघितलीय कधी? आधी लाल होते. मग कातडी जाते. मग एवढा खड्डा पडतो." त्यानं मूठ दाखवली. "ही आत जाईल एवढा. आमच्या खाटेवर कुणाला तो पडला नाही. आता ही सुधारणा कुठल्या चौकटीत लिहायची ते सांगा."

शेजारच्या टेबलांवरचं टाइपिंग थांबलं. मॅडमचा चेहरा उतरला, पण त्यांनी नजर वळवली नाही. समोरची फाइल उघडली.

"हेच समितीला विचारायचं होतं, काका. उत्तर दोनच ओळींचं होतं. म्हणून मी स्वतः फोन केला. तीन तारखेला केला, पाच तारखेला केला. दोन्ही वेळा बंद. सहा तारखेला बैठक झाली."

"सिस्टर गेली. आमच्याच आठव्या खाटेवर," फिटर म्हणाला. फोन त्यानंच बंद केला होता. सिस्टर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. तो वाजायचा, पलीकडून कुणीतरी "सिस्टर आहेत का?" विचारायचं, आणि त्याला ते पुन्हा एकदा तोंडानं सांगावं लागायचं. तिसऱ्या वेळी त्यानं फोन बंद करून चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकला होता.

"फेरअर्ज घेता येईल," मॅडम हळूच म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत. एक सुचवू का? राग मानू नका. सिस्टरांचीच गोष्ट लिहा. ज्यांनी खाटा दिल्या त्यांनाच शेवटी... समितीला अशी गोष्ट भिडते. आणि एखादा फोटो असेल तर..."

"फोटो?" फिटरचा आवाज चढला. "या भिंतीवर लावायला? ह्या दात काढणाऱ्यांच्या रांगेत? माझी बायको तुमच्या समितीला भिडण्यासाठी मेली नाही!"

तो तरातरा जिना उतरला.

घरी आला तर केंद्रात बेकरीवाली बसलेली. पुढच्या चौकात तिची बेकरी. नवरा शिडीवरून पडून कमरेतून गेलेला. गेल्या पंधरा दिवसांत ती तिसऱ्यांदा आली होती.

"काका, जमिनीवरच गादी टाकलीय हो त्यांना. मला एकटीला उचलत नाहीत. पाठ लाल व्हायला लागलीय."

"खाट नाही," फिटर म्हणाला. "फाउंडेशननं दिल्या नाहीत. त्यांना जाऊन विचारा. तिसरा मजला, काचेचं दार."

बेकरीवाली त्याच्याकडे बघत राहिली. मग पदरानं हात पुसले, जणू पीठच लागलंय, आणि उठून गेली.

मेहुणी कोपऱ्यात यादीचं रजिस्टर घेऊन बसली होती. तिनं ते मिटलं.

"खाट नाही म्हणालात?"

"सात बाहेर आहेत. तुलाच ठाऊक."

"आणि आठवी?"

आठवी आतल्या खोलीत होती. चादर तीच. डोक्याकडची बाजू हँडलच्या अकरा फेऱ्यांवर उचललेली, सिस्टरला श्वास घ्यायला बरं पडायचं तेवढीच. फिटर सतरा रात्री तिच्याशेजारी खुर्चीत बसून झोपला होता.

"ती मोजायची नाही," तो म्हणाला.

"का? ऑफिसात जाऊन ओरडूनच आला असाल ना, तुम्हाला माणसाची पाठ कळत नाही म्हणून? मग त्या बाईच्या नवऱ्याची पाठ कुणाला कळायची? मॅडमला?"

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"नाही. ताईच्याही नव्हतं."

त्यानं शेजारचा पाना उचलून भिंतीवर फेकला. गिलाव्याचा टवका उडाला. मग मेहुणीनं पाना उचलला आणि त्याच्या हातात दिला.

फिटर आत गेला. हँडल उलटं फिरवलं. अकरा फेऱ्या मोजल्या, कारण न मोजता त्याला ते जमलं नसतं. चादर मेहुणीनं काढली. तीन बोल्ट निघाले, चौथा अडकला, त्याला त्यानं मनसोक्त शिव्या घातल्या. बेकरीच्या पावाच्या गाडीतून खाट दुपारीच चौकात गेली. नवऱ्याला कुशीवर वळवलं तेव्हा माकडहाडाशी तळहाताएवढा लाल डाग होता. कातडी शाबूत होती.

"दोन-दोन तासांनी वळवायचं," फिटर बेकरीवालीवर जवळजवळ खेकसला. "पाव जळला तरी चालेल. घड्याळ चुकवायचं नाही. कळलं?"

"कळलं, काका."

"आणि तिसऱ्यांदा कशाला यायचं? पहिल्यांदाच भांडायचं ना माझ्याशी!"

बेकरीवाली रडता रडता हसली. त्याला तेही आवडलं नाही.

गुरुवारी त्यानं नवा अर्ज भरला. मेहुणीनं मॅडमनी सांगितल्याप्रमाणे पानभर गोष्ट लिहून आणली होती, चांगली होती, पण त्यानं ती परत दिली. चौदाव्या प्रश्नापुढं सिस्टरच्याच दोन ओळी जशाच्या तशा उतरवल्या. खाली एक जोडली: "ज्या बाईनं वरचं लिहिलं तीही तशीच वारली. पाठ बघायला मी होतो." फोटो लावला नाही. संपर्कासाठी सिस्टरचाच नंबर दिला आणि ड्रॉवरमधून फोन काढून चार्जिंगला लावला.

मेहुणी अर्ज पोचवून आली आणि दारातच थांबली. "भावोजी, आठवी खाट गेली, पण दोरीला गाठ मारलीच नाही आपण. मी जाऊन मारून येऊ?"

"हात लावायचा नाही त्या दोरीला."

फाउंडेशनचं उत्तर अजून आलेलं नाही. यादीवर दहा घरं आहेत. आठवी खाट बेकरीवालीकडे आहे, आणि तिच्या दोरीला सिस्टरची गाठ मारायची राहिली आहे.